रापणीचा एक फोटो, दोन कॅमेरे: फिल्म आणि डिजिटलची तुलना कागदापर्यंत कशी न्यावी

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या एका आजोबांनी मला एकदा सकाळी अडवलं. "झिला, मागच्या वर्षी फोटो काढलंस, तो खंय आसा?" फोटो माझ्याकडे होता, म्हणजे एका हार्ड डिस्कवर होता, आणि ती डिस्क त्याच पावसाळ्यात बंद पडली होती. त्याच ओढीचे मी फिल्मवरही काही फोटो घेतले होते. घरी जाऊन निगेटिव्ह काढल्या, तर पट्ट्यांच्या कडेने बुरशीची जाळी चढलेली. दोन्ही माध्यमं हाताशी असून आजोबांच्या हातात देण्यासारखा एक कागद माझ्याकडे नव्हता.

तेव्हापासून फिल्म चांगली की डिजिटल, असं कोणी विचारलं की मी त्याला एकच प्रयोग करायला सांगतो. एक सकाळ, एक जागा, दोन कॅमेरे. दोन्हींतला एकेक फोटो ८ बाय १२ इंच कागदावर आणायचा, शेजारी शेजारी ठेवायचा आणि एक पावसाळा काढू द्यायचा. मोबाइलच्या काचेवर केलेली तुलना अर्धीच असते, आणि आपल्या किनारपट्टीवर उरलेली अर्धी हवेच्या हातात असते. हा प्रयोग कसा करायचा ते खाली सविस्तर लिहितो. रोल धुण्याच्या भागावर जास्त थांबणार आहे, कारण परदेशी पुस्तकांतले आकडे आपल्या पाण्याला तसेच लागू पडत नाहीत.

आधी दोन्हींतला मूळ फरक

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक कण बसवलेले असतात. उजेड पडला की कणावर डोळ्यांना न दिसणारा ठसा उमटतो. डेव्हलपर ठसा उमटलेल्या कणांची काळी चांदी करतो आणि हायपो, म्हणजे फिक्सर, उरलेले कण विरघळवून काढतो. डिजिटल सेन्सरवर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका आपल्यावर पडलेला उजेड मोजतो. त्यांच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या असतात, त्यांत हिरव्या दुप्पट. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, १९७६ सालच्या पेटंटची. त्याच कंपनीत १९७५ साली स्टीव्ह सॅसन यांनी बांधलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचं चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं होतं आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. निगेटिव्ह फिल्मला जास्त उजेड सोसतो. रंगीत निगेटिव्हवर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त पडले तरी फोटो वाचतो, पण एक-दीड स्टॉप कमी पडला की सावल्या मळकट होतात. डिजिटलमध्ये उलटं आहे. सावलीत दडलेलं बरंचसं वर काढता येतं, पण लाटेचा पांढरा फेस एकदा पूर्ण पांढरा झाला की तिथे काहीच नोंदलेलं नसतं. म्हणून फिल्मवर सावली सांभाळायची आणि डिजिटलवर फेस सांभाळायचा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

कॅमेरा आणि रोल

नवा फिल्म कॅमेरा घेऊ नका. आधी घरातली, मामाकडची, शेजाऱ्यांची कपाटं शोधा. याशिका, पेंटॅक्स, झेनिट, निकॉन यांपैकी काही ना काही निघतं. आगफाचा क्लिक थ्री निघाला तर त्याला १२० चा रुंद रोल लागतो आणि त्यावर बाराच फोटो येतात. कॅमेरा छान आहे, पण या तुलनेसाठी ३५ मिलिमीटरचाच घ्या.

कपाटातून निघालेला कॅमेरा तपासताना लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत फारशी कळत नाही, पण ती लेन्स बाकीच्या लेन्सबरोबर एकाच डब्यात ठेवू नका. मग मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबून पाहा. आपल्याकडच्या उष्ण दमट हवेत तो चिकट लगदा होतो आणि तिथून उजेड आत शिरतो. फोम बदलून घेणं स्वस्त असतं. शटरचे सगळे वेग एकेक करून कानाने ऐका. एक सेकंदाचा वेग दोन सेकंद रेंगाळत असेल, तर निदान मंद वेग वापरायचे नाहीत एवढं कळलं.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर बंद असला तरी अडत नाही. मोबाइलवर लाइट मीटरची अ‍ॅप मिळतात आणि स्वच्छ उन्हासाठी जुना नियम आहेच: अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ १६ आणि शटर एक भागिले आयएसओ, म्हणजे रोलची उजेड टिपण्याची क्षमता सांगणारा आकडा. ४०० च्या रोलला एफ १६ आणि १/५००. भर उन्हात पांढरी वाळू आणि चमकतं पाणी असेल तर आणखी एक स्टॉप कमी.

रोल कृष्णधवल घ्या, आयएसओ ४०० चा. इलफर्डचा एचपी५ प्लस किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स. कारण सरळ आहे, तो घरी धुता येतो. रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३८ अंशांवर अचूक धरावा लागतो. जमतं, पण पहिल्याच खेपेला नको. आमच्या गावच्या स्टुडिओत रोल धुणं कधीच बंद झालं, त्यामुळे रंगीत रोल मुंबई-पुण्याला कुरिअर करावा लागतो.

खर्चाचा हिशेब आधीच मांडा. रोल, रसायनं, स्कॅन, कुरिअर असं सगळं मिळून समजा १,५०० रुपये झाले, तर ३६ फोटोंत भागून एका फ्रेमला सुमारे ४२ रुपये पडले. हा आकडा डोक्यात असला की किनाऱ्यावर हात आपोआप थांबतो आणि डोळे जास्त काम करतात.

रोल फ्रिजमध्ये, बंद डबीत ठेवा. वापरायच्या निदान दोन तास आधी बाहेर काढा आणि डबी तोवर उघडू नका. गार रोल आपल्या हवेत उघडला की त्यावर दव धरतं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सवर हेच होतं. तो बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

सकाळची वेळ

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगरांकडून येतो, म्हणजे समुद्राकडे पाहताना आपल्या पाठीशी असतो. होड्या, माणसं, पलीकडचा सिंधुदुर्ग किल्ला, सगळ्यांवर समोरून ऊन पडतं. संध्याकाळी तेच सगळं काळ्या सावलीत जातं. त्या उजेडात नाट्य आहे, पण तुलनेसाठी तो वाईट. सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ धरा आणि मळभ नसलेला दिवस निवडा.

विषय असा हवा की एकाच चौकटीत खूप काळं आणि खूप पांढरं असेल. रापणीची ओढ त्यासाठी उत्तम आहे. काळं ओलं जाळं, सावळे चेहरे, पांढरा फेस, उजळ आभाळ. रापण नसेल तर वर ओढून ठेवलेली होडी चालेल, किंवा माडांच्या सावलीतलं कौलारू घर आणि मागे चमकणारी वाळू. माणसांचे फोटो काढायचे तर आधी विचारा. ओढ चालू असताना दोराच्या मधे येऊ नका, कारण तिथे कष्टाचं काम चाललेलं असतं.

दोन्ही कॅमेऱ्यांचा आवाका सारखा करा. फिल्म कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर लहान सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यावर ३५ ची लावा. दीड पटीच्या हिशेबाने ती ५२-५३ सारखी पडते. मोबाइलच वापरणार असाल तर मुख्य लेन्स फार रुंद असते, म्हणून दोन पट झूम ठेवा. दोन्हींवर आयएसओ ४०० आणि शक्य तर तेच अ‍ॅपर्चर.

आता मोजमाप. आभाळ, वाळू आणि पाणी चौकटीत भरलेलं असलं की कुठलाही मीटर फसतो. त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि फोटो अंधारा येतो. फिल्मसाठी मी मीटर जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, धरतो. ऊन पडलेला सुका जांभा साधारण मध्यम उजेडाचा असतो. जवळपास गडगा नसेल तर मीटरच्या आकड्याहून एक स्टॉप जास्त द्या. डिजिटलवर हायलाइटचा, म्हणजे पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागांचा, इशारा चालू करा, फेस लुकलुकायला लागला की एक्स्पोजर थोडं खाली आणा, आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची न दाबलेली मूळ नोंद, घ्या. एकाच दृश्याचे फिल्मवर तीन फोटो काढा: मीटरप्रमाणे, एक स्टॉप जास्त, दोन स्टॉप जास्त. डिजिटलवरही तसेच तीन, पण मीटरप्रमाणे, एक कमी, दोन कमी. हे सहा फोटो पुढे बरंच शिकवतात. कुठला फोटो कसा काढला ते तिथल्या तिथे वहीत लिहा, कारण फिल्म ते लक्षात ठेवत नाही.

घरी आल्यावर दोन्ही कॅमेरे किंचित ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. लेन्सच्या काचेवर फडकं थेट फिरवू नका. आधी ब्लोअरने वाळू उडवा, नाहीतर वाळूचा कण काचेवर रेघ ओढतो.

रोल धुताना

लागणारं सामान थोडंच आहे: डेव्हलपिंग टँक आणि रीळ, चेंजिंग बॅग (हात घालून आत काम करायची उजेडबंद पिशवी), डी-७६ डेव्हलपर, फिक्सर, वेटिंग एजंट (पाणी एकसारखं निथळावं म्हणून घालायचं द्रावण), थर्मामीटर, मोजपात्र. थर्मामीटरवर पैसे वाचवू नका.

पहिली अडचण रोल रिळावर चढवताना येते. चेंजिंग बॅगमध्ये हात घातले की पाच मिनिटांत कोपरापर्यंत घाम येतो, आतली हवा ओली होते आणि प्लास्टिकच्या रिळात फिल्म अडकते. जोर लावला की ती चुरगळते आणि त्या जागी नखाच्या आकाराचा डाग उमटतो. माझा पहिला रोल असाच गेला. त्यावर उपाय म्हणजे हे काम रात्री जेवणानंतर, आंघोळ करून, पंख्याखाली हात कोरडे करून करायचं. रीळ आदल्या दिवशीच वाळवून डब्यात ठेवायचं. खोलीला पडदे असतील आणि वीज गेलेली असेल, तर बॅगेची गरजसुद्धा पडत नाही. तरी दाराची फट चादरीने बुजवा आणि पाच मिनिटं अंधारात बसून कुठून उजेड येतोय का ते बघा. अडकलंच तर फिल्म टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात बाहेर काढा, वारा घ्या आणि पुन्हा सुरू करा.

दुसरी अडचण पाण्याची. फिल्मच्या तक्त्यांत बहुतेक आकडे २० अंशांचे असतात. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिल-मे महिन्यांत तीस अंशांवर सहज जातं. गरम पाण्यात डेव्हलपर झपाट्याने काम करतो, वेळ पाच मिनिटांच्या खाली येतो आणि मग फिल्म एकसारखी उमलत नाही, आभाळात पट्टे दिसतात. म्हणून दोन गोष्टी करा. डेव्हलपर एकास एक पातळ करा, म्हणजे वेळ वाढतो. आणि तापमान २४ वर आणा, २० चा हट्ट धरू नका. एचपी५ प्लस, डी-७६ एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. २४ अंशांना साधारण आठ. मधल्या तापमानासाठी फिल्म कंपनीचा तक्ता छापून न्हाणीघराच्या दारावर लावा.

२४ अंश आणायला मोठ्या घमेल्यात पाणी घ्या, त्यात सगळ्या रसायनांच्या बाटल्या उभ्या करा आणि घट्ट बांधलेल्या पिशवीतला बर्फ घमेल्यात सोडा. बर्फ थेट रसायनात टाकू नका, ते पातळ होतं. माठातलं पाणी उन्हाळ्यात बरं चालतं, पण पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. हवा दमट असली की माठ पाझरूनही पाणी फारसं गार होत नाही. आणि नुसता डेव्हलपर गार करून भागत नाही. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच्या एक-दोन अंशांच्या आतच हवं. गार डेव्हलपरमधून एकदम कोमट पाण्यात गेलेली फिल्म वरून सुरकुतू शकते.

आता क्रम. डेव्हलपर ओता, घड्याळ लावा, पहिली तीस सेकंदं टँक हळूहळू उलटासुलटा करा. मग दर मिनिटाला दहा सेकंदं. प्रत्येक वेळी टँक ओट्यावर हलकेच आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतात. वेळ भरत आली की ओतून टाका. दोनदा साध्या पाण्याने खळबळा. फिक्सर घाला, पाच मिनिटं. फिक्सर जुना झालाय का हे आधीच तपासायचं असतं. रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा त्यात टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते बघा. त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची. तुकडा साफ व्हायला ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागायला लागला, की नवा करा.

धुण्यासाठी नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही, आणि मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना ते बरंही दिसत नाही. इलफर्डची पद्धत वापरा. टँक भरा, पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. फिक्सरमध्ये जिलेटिन कडक करणारा हार्डनर नसेल तर एवढं पुरतं, आणि एका रोलला लिटरभर पाणीही लागत नाही. शेवटचं पाणी मात्र बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या, त्यात वेटिंग एजंटचे दोन-चार थेंब. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, वाळल्यावर त्याचे डाग निगेटिव्हवर राहतात.

ओली फिल्म पंख्याखाली कधीच टांगू नका, सगळी धूळ तिच्यावर बसते. खालून चिमटा लावून बंद न्हाणीघरात टांगा. डिसेंबरात दोन-तीन तासांत वाळते. जुलैत मी रात्रभर ठेवतो, आणि तरीही सकाळी बोट न लावता कडेने वळतेय का ते आधी बघतो. खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये रोल धुऊच नये. फोटो काढून झालेला रोल कॅमेऱ्यात ठेवू नका, पण धुवायचा रोल घट्ट डबीत घालून फ्रिजमध्ये महिना-दोन महिने आरामात राहतो.

वापरलेला फिक्सर विहिरीच्या आसपास, परसात किंवा गटारात ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते. जुन्या कॅनमध्ये साठवा आणि शहरात रोल धुणाऱ्या लॅबला विचारून द्या. आपल्या विहिरी उथळ आहेत आणि जांभ्यातून पाणी पटकन झिरपतं, एवढं ध्यानात असू द्या.

निगेटिव्ह कागदाकडे

इथे दोन वाटा फुटतात. घरात एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, असेल किंवा एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याकडून मिळाला, तर न्हाणीघरात लाल दिवा लावून थेट कागदावर प्रिंट काढता येते. प्लास्टिक लेप असलेल्या आरसी कागदाला डेव्हलपरमध्ये एक मिनिट, डेव्हलपर थांबवणाऱ्या स्टॉप बाथमध्ये दहा सेकंदं, ताज्या फिक्सरमध्ये अर्धा मिनिट आणि दोन मिनिटं धुणं पुरतं. आधी कागदाची पट्टी कापून तिच्यावर दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्या पाडा आणि योग्य वेळ शोधा. ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर जाळं हळूहळू उमटताना पाहिलं की सगळ्या खटाटोपाचं चीज होतं. हा अनुभव ज्याला शक्य आहे त्याने एकदा तरी घ्यावाच.

बहुतेकांची वाट दुसरी, स्कॅनची. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर २,४०० पीपीआयवर (ठिपके प्रति इंच) ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची सुमारे २,२५० बाय ३,४०० ठिपक्यांची फाइल होते. ८ बाय १२ ला ती जेमतेम पुरते. माझा अनुभव असा की लाइट पॅडवर निगेटिव्ह ठेवून मॅक्रो लेन्सने तिचा डिजिटल फोटो काढणं जास्त चांगलं. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवा. दोन्ही समांतर झाले. मग खोलीतले दिवे बंद, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल. संगणकावर चित्र उलटं करा, म्हणजे काळ्याचं पांढरं, आणि कर्व्हज या उजेड-सावली जुळवायच्या साधनाने नीट बसवा. मोबाइलची स्क्रीन लाइट पॅड म्हणून वापरणार असाल तर निगेटिव्ह तिच्यापासून दोन-तीन इंच वर धरा, नाहीतर स्क्रीनची ठिपक्यांची जाळी फोटोत येते.

तुलना खरी व्हावी म्हणून स्कॅनमधला फिल्मचा दाणा पुसू नका आणि डिजिटल फोटोला दाण्याचा मुलामा लावू नका. डिजिटल फाइल कृष्णधवल करून दोन्हींचा मध्यम उजेड सारखा आणा, एवढंच.

लॅबमध्ये

प्रिंटसाठी हिशेब ३०० ठिपके प्रति इंच. ४ बाय ६ ला १,२०० बाय १,८०० ठिपके, ८ बाय १२ ला २,४०० बाय ३,६००, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आतच. २४ मेगापिक्सेलची फाइल तर १३ बाय २० इंचांपर्यंत या हिशेबात बसते. मेगापिक्सेलमुळे प्रिंट खराब होण्याचे दिवस गेले. आज ती खराब होते व्हॉट्सअ‍ॅपमुळे. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला १,६०० ठिपक्यांच्या आसपास दाबला जातो. लॅबला फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा पेन ड्राइव्ह घेऊन जा.

दुसरा घोटाळा चौकटीच्या मापाचा. ३५ मिलिमीटरची चौकट तीनास दोन असते आणि ४ बाय ६, ८ बाय १२ हे कागद तिलाच बेतलेले आहेत. मोबाइलचा फोटो चारास तीन असतो. तो ४ बाय ६ वर छापायला दिला की लॅब वर-खाली कापते आणि लग्नाच्या फोटोत उभ्या माणसांच्या डोक्याचे केस जातात. मोबाइलचे फोटो ६ बाय ८ वर काढा, किंवा आधी स्वतः कापून द्या.

लॅबला तीन गोष्टी सांगा: फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत आहे, ऑटो करेक्शन बंद ठेवा, कागद मॅट हवा. ऑटो करेक्शन चालू असेल तर मशीन फेसाला राखाडी आणि जाळ्याला फिकट करतं आणि सगळी तुलना वाया जाते. मॅट कागद अशासाठी की त्यावर घामाच्या बोटांचे ठसे कमी उठतात.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. लॅबच्या मोठ्या मशीनमध्ये तुमची डिजिटल फाइल लेझरने चांदीच्याच कागदावर उमटवली जाते आणि मग रसायनात धुतली जाते. म्हणजे ती प्रिंट अजून जुन्या घराण्यातली आहे. दुकानातला किंवा घरचा इंकजेट प्रिंटर वेगळा. त्यात डाय शाई आणि पिगमेंट शाई असे दोन प्रकार असतात. डाय शाईचे रंग पहिल्या दिवशी झकपक दिसतात, पण उघड्यावर हवा आणि ओल लागली की लवकर फिकटतात आणि पाण्याचा थेंब पडला तर पसरतात. आपल्या भागात भिंतीवर लावायची इंकजेट प्रिंट पिगमेंट शाईचीच घ्या. नाहीतर लॅबचा चांदीचा कागद बरा.

शेजारी ठेवून पाहताना

दोन प्रिंट खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. मागे काय लिहिलंय ते न दाखवता घरातल्या दोघा-तिघांना विचारा. मी पाहिलं ते असं. फेसात आणि आभाळात फिल्म शांत दिसते, उजळ भाग हळूहळू पांढरे होत जातात. ८ बाय १२ ला निगेटिव्ह सुमारे साडेआठ पट मोठी झालेली असते, त्यामुळे आभाळात दाणा दिसतोच, आणि मला तो आवडतो. जाळ्याचे धागे, दोराचा पीळ, हाताच्या रेषा डिजिटलमध्ये नि:संशय जास्त सुटसुटीत. ज्या डिजिटल फोटोत फेस वाचवायला दोन स्टॉप कमी दिले होते, त्यात सावल्या वर काढल्यावर चेहरेही व्यवस्थित मिळाले. दोन स्टॉप जास्त दिलेली फिल्मही तितकीच वाचली.

माझा निर्णय सांगून टाकतो. रात्रीचा दशावतार, घरचा गणपती, शिमग्याची पालखी, हे सगळं डिजिटलवर. रंगमंचावर एलईडी दिवे असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने फोटोत आडवे पट्टे सहसा येत नाहीत. रापण, म्हातारी माणसं, जुनी घरं, जिथे वेळ आहे आणि दिवसाचा उजेड आहे, तिथे कृष्णधवल फिल्म. ती मला प्रत्येक फोटोआधी थांबवते, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस सैलावतो. रंगीत फिल्मचा कुरिअरसकट खर्च मला आता पटत नाही.

पावसाळ्याआधीचं काम

मृगाच्या आधी हे उरका. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्या कापून पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. पीव्हीसीची मऊ, वासाची पाकिटं नकोत. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. लेन्ससाठीही असाच डबा, आणि चामड्याची जुनी केस डब्याबाहेर, कारण चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर परतून घ्या आणि गार झाल्यावर लगेच बंद करा. त्यासाठी वेगळी कढई ठेवा, स्वयंपाकाची नको.

बुरशी धरलेल्या जुन्या निगेटिव्ह पाण्याने धुऊ नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात सुटतं आणि चित्रच वाहून जातं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन चकचकीत बाजूने हलकेच पुसा, आणि त्याच दिवशी स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला आजी-आजोबांचा फोटो ओढून काढू नका. आधी काचेसकट, तिरक्या उजेडात, चकाकी टाळून त्याचा फोटो घ्या. नवीन फ्रेम करताना काच आणि फोटोमध्ये पुठ्ठ्याचा माउंट घाला, मागे भिंतीपासून थोडं अंतर राहील असे बूच लावा, आणि पश्चिमेच्या, पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीवर फोटो टांगू नका.

डिजिटल फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. बाहेरची प्रत म्हणजे पुण्या-मुंबईच्या भावंडाकडे ठेवलेली डिस्कसुद्धा चालते. माझ्याकडे तेव्हा एकच प्रत होती.

प्रिंटच्या मागे नाव, जागा, तारीख लिहा. आरसी कागदावर साधी पेन्सिल उमटत नाही आणि जोर दिला तर पुढच्या बाजूला वळ येतो. मऊ ६बी पेन्सिल घ्या, किंवा कडेला पिगमेंट शाईचं पेन, आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय प्रिंट एकावर एक ठेवू नका.

पुढच्या हंगामातल्या ओढीचे दोन्ही प्रिंट मी दांडीवर घेऊन गेलो, एक फिल्मचा आणि एक डिजिटलचा. आजोबांनी दोन्ही हातात धरून बराच वेळ पाहिले, मग उलटे केले. मागे मी मालवण आणि तारीख एवढंच लिहिलं होतं. त्यांनी फोटो पुन्हा सुलटा केला आणि दोरावरच्या एकेका माणसावर बोट ठेवत, डावीकडून उजवीकडे, अकराही नावं सांगितली. मी पेन्सिल काढून तिथेच वाळूवर बसलो.